डाव्या हाताचं ताडबन

होळीला आठ-दहा दिवस उरले की दुपारी साडेतीनच्या सुमाराला वारा फिरतो. सकाळभर तो जमिनीकडून येत असतो, कोरडा, धूळ घेऊन. मग तासभर सगळं ठप्प होतं, दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नाही. आणि मग एकाएकी खाडीकडची ओली, गार झुळूक गालाला लागते. डोंबिवलीत कुणाला याचा पत्ता नसतो, कारण त्या वेळी सगळे एकतर कामावर असतात नाहीतर पंख्याखाली झोपलेले. मी मात्र गॅलरीत जाते, डावा हात कठड्याबाहेर काढते आणि बोटं पसरून उभी राहते. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी एकदा न राहवून विचारलंच, "मॅडम, वरून काही गळतंय का?" मी हो म्हणाले. वारा बघतेय म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या मुलाला फोन केला असता.

तीस वर्षं शाळेत खेळाची बाई म्हणून काढल्यावर माणसाला शिट्टी, चुना आणि ऊन यांची सवय राहते. मला आणखी एक सवय राहिली आहे, या वाऱ्याची. ती मला एकाच हंगामात लागली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी बावीस वर्षांची होते आणि माझा उजवा खांदा निकामी झाला होता.

मी थाळी फेकायची. आता थाळीफेक म्हटलं की लोक हसून स्वयंपाकघराकडे बघतात, तेव्हाही बघायचे. लाकडाची, कडेला लोखंडी पट्टी असलेली एक किलोची थाळी हातात घ्यायची, वर्तुळात दीड गिरकी मारायची आणि सोडून द्यायची. कॉलेजात मला त्यासाठी दोन कप मिळाले होते. तिसऱ्या कपाच्या वेळी थाळी सुटली आणि तिच्याबरोबर खांदाही सुटला. डॉक्टरांनी तो बसवला. महिन्याभरात डोक्यावरचं कपाट बंद करताना तो परत निखळला. मग डॉक्टर म्हणाले, या हाताने आता जड काही फेकायचं नाही, कधीच नाही.

जूनमध्ये माझी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. लेखी पेपरची मला भीती नव्हती. पण मैदानी चाचणीत थाळी एका आखलेल्या रेषेपलीकडे जावी लागे. ती गेली तर मी खेळाची शिक्षिका, नाही गेली तर बाबांनी आधीच नाव घालून ठेवलेला टायपिंगचा क्लास. बाबा दुष्ट नव्हते. एमआयडीसीतल्या केमिकलच्या कारखान्यात वीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची म्हणजे स्वर्ग वाटतो. मला मात्र ते टाइपरायटर ओळीने बसलेले दिसले की पळून जावंसं वाटायचं. मला आयुष्यभर बाहेर, उघड्यावर उभं राहायचं होतं. माझी मागणी एवढीच होती आणि ती एका खांद्यावर अडली होती.

आईने मला हवापालटाला माहेरी, कोलशेतला पाठवलं. आमच्या बिल्डिंगमध्ये ती माहेराबद्दल "भावाची बागायत आहे" असं सांगायची. कसली, ते सांगायची नाही. बागायत ताडाची होती आणि माझा हरीमामा ताडी काढायचा. ज्या मजल्यावर संकष्टीला चार घरांतून मोदकांचा वास येतो, तिथे हे कसं सांगणार? बायका विचारायच्या, "नारळ असतील ना?" आई म्हणायची, "तसंच काहीसं."

कोलशेत तेव्हा बसच्या शेवटच्या थांब्याचं गाव होतं. एका बाजूला कारखान्यांचे भोंगे, दुसऱ्या बाजूला खाडी, तिवरांची दाट हिरवी रांग, पलीकडे भिवंडीकडची टेकाडं. मामाचं घर खाडीच्या बांधाजवळ. घरामागे ताड. ताडाचं झाड मी अर्थात आधी पाहिलं होतं, पण त्याच्या बुंध्याशी उभं राहून मान मागे टाकून सावकाश वर बघायची वेळ कधी आली नव्हती. बघत बघत नजर वर जाते, आता संपेल म्हणता संपत नाही, मान दुखायला लागते, आणि मग पार वर ती गोल, करकरीत पानं आभाळात खडखडत असतात. मला पहिल्या दिवशी चक्कर आली. मामी म्हणाली, "उपाशी हायस म्हनून." मी पोटभर जेवले होते.

मामाचा मुलगा वसंत बोटीवर खलाशी होता. त्या वर्षी तो चार महिने घरी होता आणि येताना प्लॅस्टिकच्या दोन तबकड्या घेऊन आला होता, एक पिवळी, एक लाल. त्याने आम्हाला सांगितलं की अमेरिकेत एका बंदराला बोट लागलेली, तेव्हा कप्तानाच्या ओळखीने सगळे एका द्राक्षांच्या दारूच्या मळ्यात गेलेले. तिथे डोंगरउतारावर द्राक्षांचे वेल, मध्ये हिरवळ, आणि जागोजागी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या. लोक हातात तबकडी घेऊन एका टोपलीपासून दुसऱ्या टोपलीपर्यंत फेकत फेकत जातात. कमीत कमी फेकीत जो टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला.

"आणि दारू?" मामाने विचारलं.

"ती नंतर. आधी खेळ, मग दारू."

मामाने बराच विचार केला आणि ड-ढचा र करणाऱ्या गावच्या बोलीत तो म्हणाला, "मग आपला कं वेगला हाय? तारी हाय, झारा हान, उतार नाय तं नाय."

अशा रीतीने कोलशेतच्या ताडबनात तो खेळ आला. त्यासाठी काही शोधावं लागलं नाही, कारण बनातली चौदा झाडं सरकारने आधीच मोजून ठेवलेली होती. ज्या ताडाची ताडी काढायची त्यावर परवान्याचा नंबर डांबराने घालत. नंबर घालणारा माणूस भर उन्हात आलेला. तो आधी विहिरीवर पाणी प्यायला गेला, म्हणून एक नंबर विहिरीजवळ. मग तो बांधावर वारा खायला गेला, म्हणून दोन, तीन आणि चार खाडीच्या कडेने. पाच नंबर एकदम गोठ्यामागे, कारण तिथे सावली होती. तो साहेब जसा फिरला तसा आमचा खेळ फिरायचा. बनाची लांबी दोनशे पावलं असेल, पण एक ते चौदा पुरं करायला आम्हाला तास-दीड तास लागे.

टोपल्यांसाठी मामीने शेजारच्या कोळणीकडून मासळीच्या जुन्या पाट्या आणल्या. त्या छातीएवढ्या उंचीवर झाडांना बांधल्या. साखळ्या कुठून आणणार? त्याऐवजी वसंताने पाटीच्या वर फाटक्या जाळ्याचा तुकडा सैल टांगला. तबकडी जाळ्यावर आदळायची, तिचा जीव जायचा आणि ती अलगद पाटीत पडायची. तो आवाज फार छान होता, कुणीतरी मऊ हाताने दार लोटल्याचा. पुढे मी शेकडो खेळ पाहिले आणि शिकवले, पण गुण मिळाल्याचा इतका सभ्य आवाज दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकला नाही.

पहिल्या दिवशी मी सवयीने उजवा हात उचलला आणि खांद्यात कळ गेली. मी तबकडी टाकून बांधावर जाऊन बसले. रडले नाही, पण ते केवळ वसंत बघत होता म्हणून. संध्याकाळची ताडी उतरवून मामा आला, माझ्या शेजारी बसला. त्याच्या अंगाला ताडाचा आंबूस गोड वास येत होता.

"दुसरा हात हाय ना?" तो म्हणाला.

"मामा, तो डावा आहे. त्याला साधं नाव लिहिता येत नाही."

"मंग? नाव लिवाचा नाय, थाली टाकाची हाय." तबकडीला तो थाळीच म्हणायचा. "झारावर गेल्यावर हात कोन निवरतो? फुल ज्या अंगाला, त्या अंगाचा हात. चल, मी पन डाव्यानीच टाकतंय."

आणि खरोखरच त्या दिवसापासून मामा माझ्याबरोबर डाव्या हातानेच खेळला. वसंत उजव्याने फेकून आमच्या पुढे जायचा, आम्ही दोघं मागे. माझी तबकडी कोंबडीसारखी फडफडून चार पावलांवर पडायची. मामाची त्याहून वाईट. पन्नाशीचा माणूस, भाचीला एकटं वाटू नये म्हणून हसं करून घेतोय, या विचाराने मला भरून यायचं. संध्याकाळी ताडी प्यायला बाकावर बसणारी गिऱ्हाईकं मोठमोठ्याने सल्ले द्यायची. "हरीशेट, हात नको, मनगट! मनगट!" त्यांच्यातला एकही जण कधी उठून फेकायला आला नाही.

थाळी आणि तबकडी यांच्यातला फरक मला कळायला पंधरा दिवस लागले. थाळी जड असते, ती तुमच्या अंगातली सगळी ताकद मागते आणि ती दिली की जाते. तबकडीला ताकद दिली की ती बावचळते, उलटी होते, भलतीकडे जाते. तिला फक्त फिरवायचं असतं आणि सोडायचं असतं, बाकीचं वारा बघतो. मला सोडताच येत नव्हतं. माझ्या प्रत्येक फेकीत खांद्याचा, डॉक्टरांचा, टायपिंगच्या क्लासचा राग होता. मग एका संध्याकाळी सहा नंबरवर, बोलता बोलता, लक्ष नसताना माझ्या डाव्या हातातून ती सुटली आणि गेली. सरळ गेली. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, जरासुद्धा न थरथरता, दोन ताडांच्या मधून. शेवटी, पडायच्या आधी, ती क्षणभर हवेत थांबली. मी शपथेवर सांगते, थांबली. मग उजवीकडे कलून खाली बसली. मला वाटलं, हे मी केलं? आणि लगेच वाटलं, छे, हे मी केलेलं नाही.

ही थक्क होण्याची भावना आता माझ्या वयाला वारंवार येत नाही. येते तेव्हा मी तिला ओळखते, कारण ती पहिल्यांदा त्या सहा नंबरवर भेटली होती.

उजव्या हाताने फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे कलते, डाव्या हाताची उजवीकडे. वाचायला ही साधी गोष्ट आहे. पण हात बदलला की अख्खं बन बदलतं, हे खेळल्याशिवाय कळत नाही. बांधावरचा चार नंबर वसंताचा वैरी होता. तिथे खाडी डाव्या हाताला, आणि वसंताची तबकडी शेवटच्या क्षणी नेमकी तिकडे वळून पाण्यात जायची. माझी तिथून जमिनीकडे वळायची, जाळ्यात जाऊन पडायची. उलट गोठ्यामागचा पाच नंबर, जो वसंत डोळे मिटून मारायचा, तिथे माझी तबकडी हमखास म्हशीच्या अंगावर. तीच चौदा झाडं, तोच बांध, तीच म्हैस, पण आम्ही दोघं दोन वेगळ्या बागांत खेळत होतो. एका जागेत दुसरी जागा असते आणि ती आपल्याला फक्त हात मोडल्यामुळे दिसते, या गोष्टीचं मला तेव्हा इतकं नवल वाटायचं की मी झोपताना मनातल्या मनात एक ते चौदा पुन्हा डाव्या बाजूने चालायची.

पाण्यात गेलेली तबकडी तरंगायची. ओहोटी असली तर ती हळूहळू घोडबंदरकडे निघायची. पहिल्यांदा गेली तेव्हा वसंत कपडे काढून उडी मारायला निघाला. मामा म्हणाला, "बस खाली. जाताना लांब जाल, येताना दारात येल." दुसऱ्या दिवशी भरतीला लाल तबकडी तिवरांच्या मुळांत येऊन अडकलेली होती, आमच्या बांधापासून वीस पावलांवर. खाडीने ती कुठपर्यंत नेली असेल, काय काय दाखवलं असेल, आणि परत कशी आणून दिली असेल? मी ती पुसून छातीशी धरली. वसंत मला वेडी म्हणाला.

खेळाचा एक नियम मामाने घातला होता. तो झाडावर असताना कुणी फेकायचं नाही. तेव्हा आम्ही नुसते बघत बसायचो. बुंध्याला बांधलेल्या खाचांच्या बांबूवर पाय, कमरेला कोयता आणि मडकं, आणि मामा वर जायचा. चढताना त्याला घाई नसायची. वर पानांत तो दिसेनासा व्हायचा आणि मग कोयत्याचा बारीक आवाज यायचा, खस, खस. फुलाच्या तुऱ्याचं टोक तो रोज सकाळ-संध्याकाळ कापायचा, कांद्याच्या पापुद्र्याइतकं. जाड कापलं तर झाड दुखावतं, नाही कापलं तर जखम सुकते आणि रस बंद होतो. म्हणजे हंगामभर एकही दिवस सुट्टी नाही. मी त्याला विचारलं होतं, "तुला भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटते ना. म्हनून तं हलू चरतंय." त्याच्याबद्दल मला जे वाटायचं त्याला आदर म्हणणं कमी होईल. खाली बाकावर त्याची ताडी पिणाऱ्यांपैकी कुणी मान वर करून बघत नव्हतं.

पुढे माझ्या शाळेतल्या मुली मला "डावी मॅडम" म्हणायच्या. कुठलीही मुलगी गोळा, थाळी, भाला शिकायला आली की मी तिला पहिले दहा दिवस चुकीच्या हाताने फेकायला लावायची. त्या वैतागायच्या, त्यांच्या आया भेटायला यायच्या. एका आईने तर लेखी तक्रार केली. मी कुणालाच कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताडीपासून सुरुवात करावी लागली असती आणि माझ्या आईच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

एप्रिलअखेर वसंत बोटीवर परत गेला. जाताना दोन्ही तबकड्या मला देऊन गेला. बनात आम्ही दोघंच राहिलो. माझी डावी फेक आता बरी पडत होती, चौदा नंबरच्या उंच ताडापाशी आम्ही पोचायचो तेव्हा सूर्य येऊरच्या डोंगरामागे जात असायचा, खाडीचं पाणी आधी पिवळं, मग तांबूस व्हायचं, बगळे ओळीने परतायचे आणि मला वाटायचं, जगात यापलीकडे काही नसावं. पण परीक्षा तबकडीची नव्हती. जसजसा जून जवळ आला तसतसं मला हे खेळणं पोरकट वाटायला लागलं. एका रविवारी मी डोंबिवलीला जाऊन खरी थाळी पिशवीत घालून आणली.

दुपारची वेळ होती. वारा पडला होता. मामा संध्याकाळची फेरी लवकर धरून नऊ नंबरवर चढलेला होता. नियम तबकडीचा आहे, थाळीचा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. बनाच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्यात, वर्तुळ आखलं. पाच महिने विश्रांती झाली आहे, डॉक्टरांना काय कळतं, असं म्हणून थाळी उजव्या हातात घेतली, गिरकी मारली आणि सोडली. ती दहा-बारा पावलांवर पडली. मी गुडघ्यांवर पडले. खांदा पुन्हा जागेवरून सरकला होता.

मामाने वरून पाहिलं होतं. तो उतरून आला तोवर मी घामाने भिजले होते. त्याने मला ओरडावं असं मला वाटत होतं. तो ओरडला नाही. मला उठवून गावातल्या हाडवैद्याकडे घेऊन गेला. परत येताना, हात गळ्यात बांधून मी रडत होते तेव्हा, बांधावर थांबून तो म्हणाला, "ऐक. जो हात गेला त्याची वाट नको बगू. लई दिस फुकट जातान. जो हाय त्याला काम दे."

"जमणार नाही, मामा. महिना राहिलाय."

"जमल का नाय ते मना कं माईत? पन मी तं करतंय ना तुज्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थाळी माझ्या डाव्या हातात ठेवली. पहिल्यांदा ती मला परक्या घरात गेल्यासारखी वाटली, कुठे बसायचं कळेना. पण चार महिने त्या हाताने फिरवणं आणि सोडणं शिकून घेतलं होतं. गिरकी उलटी शिकावी लागली. घरात जाता-येता मी उलट्या गिरक्या मारायची, मामी भांडी बाजूला घ्यायची. खांदा बांधलेला, त्यामुळे तोल जायचा आणि मी पडायची. मामा बुंध्याशी बसून कोयत्याला धार लावत बघायचा आणि फक्त वाऱ्याबद्दल बोलायचा. वारा पाठीमागून असला की फेकायची घाई करायची नाही. समोरून आला की सोडायची, तो खालून उचलतो. मला हे खोटं वाटलं. मी फेकून पाहिलं. ते खरं होतं. शाळा न पाहिलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं असेल? साठ फुटांवर रोज दोनदा वाऱ्यात लोंबकळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसेल.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी वर्तुळात उभी राहिले तर परीक्षक म्हणाले, "अहो, उलट्या उभ्या आहात. वळा."

"सर, मी डावखुरी आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि उच्चारल्यावर ते मला पटलं.

तीन संधी होत्या. पहिली थाळी आखणीच्या बाहेर गेली. दुसरी रेषेच्या दोन हात अलीकडे पडली. तिसऱ्या वेळी समोरून वारा सुटला, चुन्याची भुकटी डोळ्यांत जायला लागली, बाकीच्या मुली वारा पडायची वाट बघत होत्या. मी हात मागे घेतला. सोडली तेव्हा ताकद लावल्याचं मला आठवत नाही. ती उठली, वाऱ्यावर टेकली आणि जात राहिली. रेषेच्या पलीकडे वीतभर अंतरावर मातीत तिची खूण उमटली. परीक्षकांनी दोनदा मोजलं. मी मोजायला गेले नाही, वर्तुळातच उभी राहिले.

चार दिवसांनी पेढे घेऊन कोलशेतला गेले. हंगाम संपला होता. ताडांवरची मडकी उतरवून ओट्यावर पालथी मांडलेली, पाट्या आणि जाळी काढून ठेवलेली. मामा ओट्यावर बसला होता. त्याला काही सांगायची गरज नव्हती, पुडा बघूनच त्याचा चेहरा उजळला. मी पुडा पुढे केला. मामाने डावा हात पुढे केला.

मला हसू आलं. "मामा, परीक्षा संपली. आता उजव्याने घे."

मामा हसला नाही. आतून मामी बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. मामाने उजवा हात मांडीवरून उचलला आणि माझ्यासमोर धरला. बोटं आत वळलेली होती. त्याने ती उघडायचा प्रयत्न केला. दोन उघडली, बाकीची तशीच राहिली.

"दोन वरसा झाली," मामी म्हणाली. "वसंताला पन सांगला नाय. त्याला कलला तं बोट सोरून येल."

मी झाडांकडे बघितलं. चौदा ताड. सकाळ-संध्याकाळ. उजव्या हाताचा नुसता कोपराचा विळखा घालून, वर वाऱ्यात, ज्या हाताला काही येत नव्हतं त्या हातात कोयता धरून त्याने दोन हंगाम काढले होते. आणि खाली उतरला की माझ्याबरोबर उभं राहून तो हात शिकवत होता, माझाही आणि स्वतःचाही. त्या झाडांच्या उंचीची मला पहिल्यांदा खरी कल्पना आली.

"तुना शिकवता शिकवता माजा पन हात बसला," मामा म्हणाला. त्याला जणू माझीच समजूत काढायची होती.

मी पुडा खाली ठेवला. एक पेढा डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्याने तो कपाळाला लावला आणि खाल्ला.